हरलेल्याला पोचवायचं

उमाजी शिंप्याच्या ओट्यावर आता थंड पेयांचं खोकं आहे. शहाबादी फरशी गेली, सिमेंट आलं. कडुनिंब तोडला. जिथं आम्ही पट अंथरायचो तिथं रिकाम्या बाटल्या रचून ठेवल्यात. मी उगाच जाऊन उभा राहिलो तर खोकेवाला म्हणाला, "काय पायजे बाबा? काही घ्यायचं नसलं तर सावली सोडा." सावली कसली, तापलेल्या पत्र्याची! म्हटलं, ठेव बाबा तुझी तुलाच.

सकाळीच शाळेतल्या बुद्धिबळाच्या सामन्यांची बक्षिसं वाटून आलो होतो. निवृत्त मास्तर म्हणजे गावात फुकट मिळणारा पाहुणा. शाल पातळ, नारळ कोरडा आणि भाषणाला विषय 'खिलाडूवृत्ती'. डाव संपला की दोन्ही लेकरांनी हात मिळवायचे, कारण सरांनी शिट्टी वाजवून तसं सांगितलं होतं. तोंड एकीकडं, हात दुसरीकडं. जिंकलेलं हात देता देता मागं बापाकडं बघून दात काढतंय, हरलेलं हात चड्डीला पुसून घेतंय. आणि मुख्याध्यापक माझ्या कानाशी लागून, "बघा सर, काय संस्कार आहेत!" ओली फडकी पिळावीत तसे हात पिळून राहिली होती पोरं, आणि या शहाण्याला त्यात संस्कार दिसले.

आमच्या ओट्यावर हात मिळवायचा रिवाज नव्हता. आमच्याकडं हरलेल्याला घरी पोचवायचं होतं.

आता कुणाला सांगितलं तर हसतील. डाव संपला की जिंकलेल्यानं उठायचं आणि हरलेल्यासोबत त्याच्या दारापर्यंत चालत जायचं. वाटेत डावाबद्दल अवाक्षर काढायचं नाही. पीकपाणी बोला, कुणाच्या म्हशीला काय झालं ते बोला, पण घोडा कुठं होता नि वजीर कुठं, ते नाही. दारात पोचलं की हरलेल्याच्या घरच्यांनी जिंकलेल्याला गूळ-पाणी द्यायचं. ते पोटात गेलं की डाव संपला. काहून, कधीपासून, कुणी ठरवलं, कुणाला ठाऊक. उमाजी मशीन थांबवून म्हणायचा, "मास्तर, पटावरचं वैर उंबऱ्यावर ठिवायचं. घरात न्यायचं न्हाई."

ऐकायला किती गोड! पण हरून बघावं माणसानं. आमचं गाव वसमत आणि आखाडा बाळापूरच्या मधलं, बाजाराचं, एकच सरळ रस्ता. माझं घर वेशीकडं. दोघं माणसं ओट्यावरून निघाली आणि वेशीकडं वळली की अख्ख्या पेठेला कळायचं, आज मास्तर हरला. दवंडी पिटायची गरज नव्हती. तुमची अदब, तुमची रीतभात, सगळं बाजारातून मिरवत जायचं आणि तुम्ही त्या मिरवणुकीतलं मुंडण केलेलं डोकं.

पाटलानं यावर तोड काढली होती. हरायला लागला की त्याला लघवीला लागायची आणि परत येऊन बसताना धोतराचा सोगा बराबर पटावरून जायचा. मोहरे इकडंतिकडं. "अरेरे, आता काय करता, मोडला की वो डाव!" आणि सगळे माना डोलवायचे, "मोडला मोडला." मीही डोलवायचो. ती मान आठवली की आजही आपलीच आपल्याला मुरगाळावीशी वाटते.

गिरदावर साहेब मात्र डाव मोडत नव्हते. त्यांना गरज पडत नव्हती.

बेचाळीस साली मी शाळेत लागलो. विशीतला, घरात मी आणि विधवा माय, डोक्यात हवा. ते त्याच वर्षी निजामाच्या महसुली नोकरीतून मोकळे झालेले. पंचवीस वर्षं घोड्यावरून शेतं बघत हिंडले, कुणाचं पीक किती, कुणाची जमीन कुठवर. कुणाचं वाकडं केलं नव्हतं. फार भलं केलं असंही कुणी म्हणत नसे. बाजाराच्या दुसऱ्या टोकाला, मशिदीमागं घर. तिसऱ्या प्रहरी ओट्यावर यायचे. रुमी टोपी, मानेपर्यंत बटणं लावलेली शेरवानी, चालताना करकरणारे जोडे. हिवाळ्यात अंगाला हिन्याचं अत्तर, उन्हाळा लागला की खस. बसण्याआधी पट रुमालानं झाडायचे. पट उमाजीनं शिवलेला, काळ्या आणि हळदीच्या रंगाच्या तुकड्यांचा, उरलेल्या कापडाचा. त्याला तो माणूस असा हात लावायचा की जणू दिल्लीहून आलाय.

सहा वर्षं मी त्यांच्याशी खेळलो. सहा वर्षांत एकदाही जिंकलो नाही.

आणि दर वेळी ते मला पोचवायला आले. हेच तर सहन होत नव्हतं! माघ-फाल्गुनात गावाभोवती हळद शिजायची, कढयांची वाफ पेठेत उतरायची, डोळे आणि नाक एकदम भरून यायचं, आणि त्या वाफेतून हे काठी टेकत माझ्या बाजूनं. "बरखुरदार, उंट तुमी फार नजाकतीनं चालवता," एवढं ओट्यावरच म्हणून घ्यायचे, खाली उतरले की डाव बंद. मग वाटभर वालिदा, म्हणजे माझी माय, कशा आहेत, शाळेत पाटीवर लेकरं काय गिरवतात, अंबाडीच्या भाजीत तुमच्याकडं काय घालता. मी नुसता हुं हुं. हिवाळ्यात कापसाच्या गाड्या वसमतकडं निघालेल्या असायच्या, बैलांच्या गळ्यातल्या घाट्या वाजत, रस्त्यावर कापसाचे पुंजके उडून नालीत बसलेले. गाडीवान टोपीकडं बघून हात कपाळाला लावायचे. साहेब प्रत्येकाला थांबून जवाब द्यायचे, म्हणजे पुन्हा सगळ्यांनी माझ्याकडं बघायचं. चैतात कडुनिंबाचा मोहोर डोक्यावर पडायचा. ते टोपी काढून झटकायचे, पुन्हा नीट बसवायचे, तेवढा वेळ मी तिथंच उभा, हरलेला, बाजाराच्या मधोमध.

दारात माय गूळ-पाणी घेऊन उभी असायची. डोक्यावर पदर, नजर खाली, तांब्या दोन्ही हातांत. सहा वर्षांत ती त्यांच्याशी एक शब्द बोलली नाही. बायकांनी बोलायचं नव्हतं, आणि तिला बुद्धिबळातलं कळतही नव्हतं. ते गेले की मला म्हणायची, "आजबी का रे? मग काहून जातूस रोज?" तिला काय सांगू? मला एकच पाहिजे होतं. एकदा, एकदाच या माणसाला हरवायचं. भर बाजारातून, वेशीकडं नाही, मशिदीकडं, त्याला त्याच्या दारापर्यंत पोचवायचं. मी विचारणार होतो, "साहेब, तब्येत कशी हाय? अंबाडीत काय घालता?" आणि त्यांच्या उंबऱ्यावर त्यांचं गूळ-पाणी प्यायचं, सावकाश, घोट घोट. झोपताना मी हे डोळ्यांपुढं आणायचो. पंचवीस-सव्वीस वर्षांचा मास्तर, देश कुठं चाललाय, गावं कशी पेटून राहिलीत, आणि ह्याचं स्वप्न काय, तर म्हाताऱ्याच्या दारातलं पाणी.

शेवटचं वर्ष फार वाईट गेलं. निजामाच्या बाजूचे, बंदुका घेतलेले लोक गावोगाव हिंडायचे. माणसं सरहद्दीपलीकडं वऱ्हाडात निघून जायची, मागं राहिलेली दिवस मावळायच्या आत दारं लावून घ्यायची. त्या वर्षीसुद्धा साहेब मला रोज घरापर्यंत सोडायला आले. वाटेत ते बंदूकवाले चौकात बसलेले असायचे, साहेबांना बघून बाजूला व्हायचे. मला आपलं वाटायचं, आता तर म्हातारा मला त्यांच्यादेखतही मिरवून राहिला. माझ्या अंगाला त्या वर्षी कुणी बोट लावलं नाही. असं का, हे मला कधी सुचलंही नाही. गाढवाला गुळाची चव काय!

मग अठ्ठेचाळीसच्या भादव्यात चार-पाच दिवसांत निजामाचं राज्य गेलं. फौज आली, बंदूकवाले पळाले. पलीकडं जाऊन जे खरंच लढले होते ते परत आले, गुपचूप घरी गेले, पडलेल्या भिंती लिंपायला लागले. गावात गर्जना चालू केली ती वर्षभर कणगीमागं लपून बसलेल्यांनी! ज्यांनी साहेबांना सलाम करून करून कपाळाला घट्टे पाडून घेतले होते, त्यांच्या छात्या एका दिवसात हातभर पुढं आल्या. कुणाच्या हातात झेंडा, कुणाच्या हातात काठी. मशिदीमागची बरीच घरं कुलूप लावून पूर्णेच्या गाडीला गेली होती. साहेब गेले नव्हते. का गेले नाहीत? कदाचित तिसऱ्या प्रहरी डाव होता म्हणून.

पितरांचा पंधरवडा चालू होता. घराघरांतून वड्यांचा आणि खिरीचा वास, कावळ्यांची कावकाव. मी ओट्यावर गेलो तर साहेब आलेले, पट झाडून बसलेले. शेरवानीची बटणं मानेपर्यंत. येताना रस्ता रिकामा होता म्हणे. डाव रंगेपर्यंत कचेरीपुढं गर्दी जमली आणि मग ती बाजारात सांडली. मशिदीकडं जायचा रस्ता त्या गर्दीतूनच. उमाजीनं मशीन थांबवलं आणि दुकानाच्या अर्ध्या फळ्या लावून घेतल्या.

माझी बाजू बरी नव्हती. त्यांचा वजीर मोकळा, माझे हत्ती कोपऱ्यात कोंबलेले. साहेबांनी वजीर उचलला, थोडा वेळ धरून ठेवला आणि माझ्या घोड्याच्या तोंडात नेऊन ठेवला. सरळ. कच्चा खेळणाराही ठेवणार नाही असा. बोट लगेच काढलं. "चाल तुमची," म्हणाले. ते पटाकडं बघत नव्हते, रस्त्याकडं बघत होते.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चूक नव्हती ती. हा माणूस सहा वर्षांत प्यादंसुद्धा चुकून देत नव्हता, वजीर देईल? मला दान देऊन राहिला होता! राज्य गेलं, आता मास्तराला खूष ठेवावं, एक डाव टाकावा त्याच्या पदरात. सहा वर्षं मी जे स्वप्नात घोळवलं ते हा माझ्यापुढं भिकाऱ्याला भाकर टाकावी तसं टाकतो! सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तो त्यांचा नव्हे, माझा. मी घोडा उचललाच नाही. उगाच दुसरीकडचं एक प्यादं पुढं सरकवलं.

साहेब पटाकडं बघत राहिले. मग सहा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी डाव चालू असताना बोट दाखवलं. "बरखुरदार, घोडा इकडं होता."

"दिसला मला," मी म्हणालो.

"एक बार और देखिए."

"बघितलं. तुमी खेळा."

आवाज चढला असणार माझा, कारण फळीमागून उमाजीनं डोकं बाहेर काढलं. आणखी दोन-तीनदा साहेबांनी तसंच केलं, हत्ती दिला, राजा उघडा केला, आणि प्रत्येक वेळी मी माझं काहीतरी त्यांच्यापुढं नेऊन ठेवलं. जगात कुणी बघितला नसेल असा डाव. दोघंही हरायला बसलेले, आणि त्यातही मी सरस ठरलो. शेवटी त्यांना जागाच उरली नाही. "शह," ते म्हणाले. आणि मग इतकं हळू, की माफी मागावी तसं, "मात."

उमाजी म्हणाला, "साहेब, आजच्या दिस रिवाज राहू द्या. मी फळ्या लावून राहिलो." तो आत ओढून घेईल, "या, आत बसा घडीभर," म्हणेल, असं मला वाटलं. त्यानं फळी लावली. पटावरच्या वैराबद्दल इतकं बोलणारा माणूस, आतून कडी लावल्याचा आवाज आला.

साहेबांनी जोडे घातले. काठी घेतली. "चलिए," मला म्हणाले.

आम्ही वेशीकडं निघालो. माझ्यासोबत होते तोवर त्यांना कुणी काही केलं नाही. लोकांनी वाट दिली. गर्दीतून एक जण ओरडला, "काय मास्तर, आजबी हरलात का? आतातरी जिंका की!" हशा पिकला. आणि मला, ऐकून ठेवा, मला त्या घडीला लाज कशाची वाटली? राज्य बदललं तरी मी हरलेलाच दिसलो, याची. बाजूला म्हातारा चालतोय, त्याची काठी दगडावर दर पावलाला घसरतेय, आणि मी मान खाली घालून माझी अब्रू मोजतोय.

वाटेत त्यांनी विचारलं, "वालिदा कैसी हैं?" मी म्हणालो, "बरी हाय." आवाजात खडे.

दारात माय उभी होती. तिनं तांब्या पुढं केला. साहेबांनी गूळ तोंडात टाकला, पाणी प्यायले. नेहमी दोन घोट घ्यायचे, त्या दिवशी सगळं संपवलं. तिच्याकडं न बघता, जमिनीकडं बघून म्हणाले, "खुदा सलामत रखे." मग वळले आणि आल्या वाटेनं, एकटे, बाजाराकडं चालू लागले.

आणि तिथं, त्या उंबऱ्यावर, त्यांची पाठ बघताना मला कळलं. त्यांना डाव द्यायचा नव्हता मला. त्यांना घरी जायचं होतं. हरले असते तर मी त्यांना पोचवायला गेलो असतो, त्या गर्दीतून, त्यांच्या दारापर्यंत, रिवाजच होता. "माझ्यासोबत चला," असं मागणं त्या जिभेला ठाऊक नव्हतं, म्हणून वजीर ठेवला पुढं, मग हत्ती, मग राजा. हातात होतं ते सगळं ठेवलं. आणि मी बृहस्पतीनं त्यांना जिंकवून, माझ्यासोबत वेशीपर्यंत आणून, एकटं परत लावून दिलं.

कळलं, आणि तरी मी जागचा हललो नाही. इथवर सगळं मूर्खपणाच्या खात्यात घालता येतं हो, आणि घालूही दिलं असतं मी. पण माय म्हणाली, "आरं, म्हातारा माणूस एकटा चालला. रस्ता तसा हाय. जा की मागं." आणि मी काय म्हणालो? मी तिला रिवाज सांगितला. "हरलेल्यानं पोचवायला जायचं नसतं, माय."

बाजाराकडून एकदम आरोळी उठली. तिनं तांब्या खाली ठेवला, पदर डोक्यावर नीट घेतला आणि चालू लागली. जी बाई नवरा गेल्यापासून पेठेतून कधी चालली नव्हती, मागच्या गल्लीनं जायची, ती सरळ रस्त्याच्या मधून गेली. पायात काही नव्हतं.

पुढचं मी बघितलं नाही. उमाजीनं फळीच्या फटीतून बघितलं आणि नंतर चवीचवीनं सांगितलं, जणू त्यानंच केलं. पाच-सात जणांनी साहेबांना कडुनिंबाखाली घेरलं होतं. टोपी कुणीतरी काठीवर घेऊन नाचवत होता. काठी हिसकून घेतली होती, कपाळावर खोक पडली होती, रक्त शेरवानीच्या गळपट्टीत उतरत होतं. पण ते उभे होते, हात दोन्ही बाजूंना सरळ. माय त्या घोळक्यात शिरली. टोपीवाल्यापुढं तिनं हात केला. नुसता हात. त्यानं टोपी दिली. तिनं ती पदरानं पुसली, साहेबांच्या हातात ठेवली आणि म्हणाली, "चला भाऊ." मग ती पुढं आणि ते मागं, मशिदीकडं. वीर सगळे पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिले. त्यातला एक पुढं गावात फार मोठा झाला. आज सकाळी माझ्या शेजारच्याच खुर्चीवर बसला होता, शाल त्याच्याच हस्ते मिळाली मला. मी वाकून घेतली.

साहेब पंधरा दिवसांत घर सोडून हैदराबादला गेले. मी निरोपाला गेलो नाही. कोणत्या तोंडानं जाणार होतो?

त्या दिवशी दिवेलागणीला माय परत आली. मी ओसरीवर बसलो होतो, होतो तिथंच. तिनं हौदावर पाय धुतले, चुलीपाशी गेली, भाकरी थापायचा आवाज आला. मी आत गेलो. मला वाटलं, शिव्या देईल. द्यायला पाहिजे होत्या, मी वाट बघत होतो. ती उठून उभी राहिली. पदर डोक्यावर घेतला, परक्या माणसापुढं घ्यावा तसा. पाट मांडला, पाण्याचा तांब्या भरून ठेवला आणि खाली बघत म्हणाली, "बसा. जेवून घ्या."

ती त्यानंतर एकोणीस वर्षं जगली. माझं लग्न तिनंच केलं, नातवंडांना न्हाऊ-माखू घातलं, आजारपणात माझे पाय चेपले. पण मला पुन्हा 'तू' म्हणाली नाही. शेवटच्या दिवशी मी उशाशी होतो, तिनं डोळे उघडले, मला ओळखलं आणि विचारलं, "तुमी जेवलात का?"